बारा ते एक

१

प्रीतम गेला तो भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो क्लोरीनच्या शेडवर कामाला होता. बाकीचे लोक डबे उघडून बसले असताना तो एकटाच शेडमध्ये शिरला. आत टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता आणि धोक्याचा भोंगा काही वाजला नाही. त्याच पाळीत वरचा ऑपरेटर असलेला त्याचा मामा कान्हा तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून आत घुसला आणि भाच्याला खांद्यावर टाकून बाहेर घेऊन आला. तोवर सगळं आटोपलं होतं.

संध्याकाळी पोलिसांनी त्या मामालाच धरलं. भोंगा बंद करायची किल्ली त्याच्या खिशात सापडली होती. शिवाय शेडच्या भिंतीवर एक पेटी होती. हवेत गॅस किती आहे, भोंगा कधी वाजला, कधी बंद केला, हे सगळं ती वेळेसकट नोंदवून ठेवायची. पेटीचं म्हणणं असं की दुपारी बारा वीसला कोणीतरी किल्ली फिरवून भोंगा बंद केला. त्या वेळी शेडवर मामा-भाचे दोघंच होते, आणि त्यातला एक मेला होता.

ही पेटी बनवली होती महाप्याच्या एका छोट्या कंपनीनं. तिथे तीस माणसं होती, आणि त्यातली सगळ्यात जुनी इंजिनियर म्हणजे अरुणा. नव्याण्णव साल चालू होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातली सगळी घड्याळं बोंबलणार अशी हूल उठली होती, म्हणून वर्षभर अरुणा दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम ओळीनं वाचत बसली होती. तिला एक खोड होती. पटलेली गोष्टही ती पुन्हा बघायची. घराला कुलूप लावून ती पहिल्या मजल्यापर्यंत उतरायची आणि कुलूप ओढून बघायला परत वर जायची. नवऱ्यानं हसणंसुद्धा सोडून दिलं होतं.

कंपनीचे मालक प्रसाद सर तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले की फौजदारांना एक पत्र हवंय, पेटीचं घड्याळ बरोबर चालतं एवढंच. तिनं ड्रायव्हर तपासायचा आणि सही करायची. पेटीत बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप असते, तिच्याकडून वेळ वाचून पेटीला सांगणारा जो लहानसा प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. हे पत्र गेलं की कान्हावर आरोपपत्र दाखल होणार होतं. मग त्याची सात-आठ वर्षं तरी तुरुंगात जाणार, आणि सख्ख्या भाच्याला मारल्याचा डाग जन्मभर राहणार.

"फॉर्मॅलिटी आहे," प्रसाद सर म्हणाले. "उद्यापर्यंत होईल ना?"

अरुणानं नोंदींचा छापील कागद मागून घेतला. कारखान्यातला कॉम्प्युटर पेटीतल्या नोंदी वेळेप्रमाणे लावून छापायचा. त्या दिवसाच्या कामाच्या ओळी तीनच होत्या. रात्री बारा चाळीसला गॅस प्रचंड, भोंगा गप्प. दुपारी सव्वाबाराला गॅस किरकोळ, भोंगा वाजला. दुपारी बारा वीसला किल्लीनं भोंगा बंद.

तिनं त्या ओळी वाचल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचल्या. रात्री गॅस माणूस मरावा इतका होता आणि कोणाला साधा ठसका लागला नव्हता. दुपारी तो नावापुरता होता आणि एक माणूस मेला होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात गेली. रात्रपाळीचा इनचार्ज नंदकिशोर तिला ऑफिसात भेटला. नीटनेटका माणूस, भांग चापून पाडलेला, हातात पांढऱ्या पट्ट्याचं घड्याळ. बोलताना तो ते घड्याळ गोल फिरवत होता. पट्ट्याच्या शिवणीत पिवळेपणा मुरलेला होता. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून अरुणानं तो कशाचा असं विचारलं, तर तो म्हणाला की घरी सत्यनारायण होता.

त्या रात्रीबद्दल तो भरभरून बोलला. रात्रभर तो पेटीसमोरच बसून होता म्हणे. भोंगा नाही, गॅस नाही, सगळं शांत. रात्रीची ती नोंद म्हणजे सेन्सरचा वेडेपणा. सोबत ऑपरेटर कोण, तर दत्तू, मस्टर बघा. दिवसाचा इनचार्ज रजेवर होता, म्हणून सकाळी पाळी बदलताना भोंग्याची किल्ली त्यानं स्वतः कान्हाच्या हातात दिली.

"आणि त्यानं भोंगा का बंद केला असेल?" अरुणानं विचारलं.

"आता काय सांगायचं मॅडम. जेवताना कटकट नको असेल. ही गावातली लोकं ना, सेफ्टी म्हटलं की यांना हसायला येतं."

अरुणाला तो आवडला नाही. पण न आवडणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. गेटवर वॉचमननं तिला आणखी एक गोष्ट सांगितली. कान्हानं आधी दोन तास ठणकावून सांगितलं होतं की मी भोंग्याला हात लावला नाही. मग पोलिसांनी किल्लीचं विचारलं तसा तो एकदम गप्प झाला, आणि काही वेळानं म्हणाला की हो, मीच केला बंद. त्यानं वकील घेतला नाही की जामिनाला अर्ज केला नाही.

दुपारी तिनं ड्रायव्हर वाचायला घेतला. तो लिहिला होता स्वानंदनं. पोरगा हुशार, पुण्याहून शिकून आलेला, कंपनीत दोन वर्षं झालेली. अरुणानं ओळीवर बोट ठेवून, पुटपुटत वाचलं. सेकंद, मिनिटं, तास, तारीख. कारखान्याच्या मॅनेजरला तेरा-चौदा वाजलेले समजत नव्हते, त्याला पेटीच्या पडद्यावर सकाळ-दुपार असं हवं होतं. म्हणून चिप बारा तासांच्या पद्धतीवर ठेवली होती आणि ड्रायव्हर तिचे चोवीस तास करून नोंदवत होता. सगळं चोख होतं. तिनं टेबलावरच्या पेटीचं घड्याळ फिरवून सकाळ, दुपार, मध्यरात्र लावून पाहिली. एकही चूक सापडली नाही.

म्हणजे सही करायला हरकत नव्हती. तिनं पेन उघडलं, पत्र पुढे ओढलं, आणि खोडीप्रमाणे शेवटचं म्हणून फाईल किती जुनी आहे ते पाहिलं. पेटी कारखान्यात बसवून सहा महिने झाले होते. आणि ही फाईल बदलली होती प्रीतम मेल्याच्या तिसऱ्या दिवशी.

३

स्वानंद म्हणाला की दोन हजार सालासाठी तारखेत काहीतरी किरकोळ बदललं होतं. अरुणानं जुनी फाईल मागितली. ती नव्हती. कपाटातल्या जुन्या फ्लॉप्या काढल्या तर त्यांच्यावरही नवीच फाईल. कारखान्यातली पेटी पोलिसांनी सील करून नेलेली. पोरानं घर झाडून-पुसून लख्ख केलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि एसी तर चालू होता.

"स्वानंद, मला फक्त जुना ड्रायव्हर बघायचा आहे," ती म्हणाली.

"नाहीये मॅडम. खरंच नाहीये कुठे."

हे तो खरं बोलत होता, निदान त्याच्या समजुतीप्रमाणे. पण दोन्ही वर्षी दसऱ्याला तो नेमका गावी गेला होता. या कंपनीत एक रीत होती. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची, आणि त्या वर्षीच्या नव्या यंत्रासाठी भरलेली पहिली चिप, जिच्यात सगळे प्रोग्राम असतात ती, कधीच यंत्रात बसवायची नाही. ती देवाची. प्रसाद सरांच्या वडिलांनी स्टोअरजवळ एक लहान देव्हारा मांडला होता, त्यात गणपतीच्या मागे अशा आठ-दहा चिपा पडून होत्या. दुसरी चिप कारखान्यात गेली होती. पहिली इथे होती.

अरुणानं चप्पल काढली, देवाला नमस्कार केला आणि गेल्या दसऱ्याची चिप उचलली. तिच्यावर हळदीकुंकवाचा थर वाळून घट्ट बसला होता. तिनं तो पदरानं पुसला, चिपच्या धातूच्या पायांमध्ये अडकलेले तांदळाचे कण सुईनं काढले आणि ती वाचायच्या मशीनवर चढवली. स्वानंद मागे उभा होता.

तासाचं रूपांतर करणाऱ्या तीनच ओळी होत्या. मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंत चिप 'सकाळ' म्हणायची, आणि तिथून पुढे मध्यरात्रीपर्यंत 'दुपार'. दुपार असेल तर तासात बारा मिळवा. बेरीज चोवीस झाली तर शून्य करा. सकाळ असेल तर तास आहे तसाच ठेवा. एकचे तेरा झाले, पाचचे सतरा झाले, सगळं बरोबर. पण दुपारचे बारा? बारा अधिक बारा चोवीस, चोवीसचं शून्य, म्हणजे मध्यरात्र. आणि रात्रीचे बारा तसेच बारा राहिले, म्हणजे भर दुपार. दिवसाचे बावीस तास हे घड्याळ अगदी खरं बोलायचं. उरलेल्या दोन तासांत, दुपारी बारा ते एक आणि रात्री बारा ते एक, ते नेमकं उलटं बोलायचं.

"टेस्ट केलं नव्हतंस?"

"केलं होतं मॅडम. आठवडाभर केलं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत." त्यानं मान खाली घातली. "बारा ते एक सगळे जेवायला जातात ना."

मग तो खुर्चीत बसला आणि रडायला लागला. कारखान्यात माणूस मेल्याचं ऐकून त्यानं धास्तीनं आपलंच लिखाण पुन्हा वाचलं होतं. चूक दिसली तशी तिसऱ्या दिवशी ती दुरुस्त केली आणि जुन्या फाईली पुसून टाकल्या. आपल्या घड्याळानं तो माणूस मारला असं त्याला वाटत होतं. घड्याळानं कोणाला मारलं नव्हतं. पण एक माणूस तुरुंगात होता आणि हा पोरगा तीन आठवडे मूग गिळून बसला होता. अरुणाला त्याची दया आली आणि रागही तेवढाच आला.

तिनं तिन्ही ओळी नव्यानं लावल्या. रात्री सव्वाबाराला गॅस किरकोळ, भोंगा वाजला. रात्री बारा वीसला भोंगा किल्लीनं बंद. दुपारी बारा चाळीसला गॅस प्रचंड, भोंगा गप्प, कारण तो आदल्या रात्रीपासून बंदच होता. आता प्रत्येक ओळ जागेवर बसली.

म्हणजे किल्ली फिरली तेव्हा कान्हा घरी झोपला होता. मग ती फिरवली कोणी?

४

भोंगा रात्री खरोखर वाजला का, हे सांगणारी माणसं कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहत होती. घणसोली गावात शिरलं की दोन घरांमधून माणूस तिरका होऊन जातो, इतकी दाटी. मयताच्या घरी न जाता गावात विचारपूस करणं अरुणाला बरं वाटेना. म्हणून ती आधी विमलबाईकडे गेली. विमलबाई म्हणजे प्रीतमची आई आणि कान्हाची थोरली बहीण. शेती सिडकोत गेली, नवरा मागेच वारला, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देऊन तिनं पोराला वाढवलेलं. प्रीतम गेल्यापासून तिनं भावाचं नाव घेतलं नव्हतं. भावजय दोनदा दारात येऊन उभी राहिली, तर हिनं आतून कडी लावली.

तिनं अरुणाला चटई टाकली, चहा ठेवला. अरुणानं फक्त भोंग्याचं विचारलं.

"भोंगा? वाजला ना. रातचा वाजला," विमलबाई म्हणाली. "दत्तूच्या भावाची हलद व्हती. बेंजोवाले जेवाला बसले व्हते, तवा आयकाला आला. कारखान्यातली सायब लोकंपन आलती पंगतीला."

"आणि दुसऱ्या दिवशी दुपारी?"

"दुपारचा नाय वाजला. वाजला असता तं मी धावली नसती का?"

"रात्री खूप वेळ वाजला?"

"थोरा येल. मंग बंद परला. बाया घाबरल्या व्हत्या. मी बोलली, घाबरू नका, माजा प्रीतम हाय तिकरं."

अरुणानं कप उचलला होता तो तसाच खाली ठेवला. प्रीतमची तर दिवसपाळी होती, असं ती कशीबशी म्हणाली.

"दत्तूच्या घरची हलद, तो कसा जाल कामाला? प्रीतम बोलला, तुज्या बदली मी जातू. मस्टरला नाव दत्तूचाच. आमच्या पोरांचा असाच असतं, बाय, एकमेकांची अरचन बगतात. रातपाली केली, तसाच दिवसाला पन थांबला."

ती हे अभिमानानं सांगत होती. समोरच्या भिंतीवर प्रीतमचा फोटो होता, हार ताजा होता. अरुणाला तिथे बसवेना. जाते म्हणून ती उठली, चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला. विमलबाई दाराशी येऊन तिच्याकडे बघत उभी राहिली.

५

तुरुंगातल्या मुलाखतीला जाळी मध्ये असते. कान्हा जाळीपलीकडे येऊन बसला. चाळिशीचा धिप्पाड माणूस, पण खांदे पडलेले. अरुणानं आपण कोण ते सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, सही करून टाका, माझी काही तक्रार नाही.

"कान्हाभाऊ, भोंगा रात्री बंद झाला. तुम्ही तेव्हा घरी होता."

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "कोन बोलला?"

तिनं घड्याळाची गोष्ट सांगितली. मग तिला समजलं होतं तेवढं तीच बोलत गेली. रात्री प्रीतम शेडवर होता. किरकोळ गळती झाली, भोंगा वाजला, त्यानं व्हॉल्व्ह आवळला आणि किल्ली फिरवून भोंगा बंद केला. सकाळी किल्ली परत घ्यायला कोणी आलंच नाही. ती त्याच्याच खिशात राहिली. जागरणानं डोकं बधिर झालेलं, भोंगा बंद आहे हे तो विसरला. आणि दुपारी तोच व्हॉल्व्ह पुन्हा सुटला.

कान्हानं हळू आवाजात सांगितलं की भाच्याला खांद्यावर घेतलं तेव्हा त्याच्या खिशातलं काहीतरी मानेला टोचत होतं. बाहेर आणून बघतो तर भोंग्याची किल्ली. त्यानं ती काढून आपल्या खिशात टाकली. का टाकली ते त्यालाही तेव्हा कळलं नव्हतं. पोलिसांनी ती बाहेर काढली तेव्हा कळलं.

"बायला काय सांगू मी? तुज्या पोरानं सोताच्या हातानं सोताला मारला, आसा सांगू?" तो बहिणीबद्दल म्हणाला. "मना शिव्या घालते ती. घालू दे. शिव्या घालाला कोनतरी पायजे तिला."

"पण किल्ली इनचार्जकडे असायला हवी. नंदकिशोरनं ती प्रीतमला दिलीच का?"

"तो मना ठाव नाय. इचारून पोरगा येनार हाय का परत?" त्यानं जाळीला हात जोडले. "मॅडम, माज्या बायला हा सांगू नका."

अरुणा बाहेर आली आणि रिक्षा न करता तशीच रस्त्यानं चालत राहिली. तिला दोन मेलेल्यांमधून एक निवडायला सांगितल्यासारखं झालं होतं. कान्हा जिवंत होता, पण तोही मेल्यातच जमा होता.

६

प्रसाद सरांना तिनं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की घड्याळ चुकीचं होतं हे बाहेर गेलं की ऑर्डरी गेल्या, तीस घरं आहेत. अरुणा म्हणाली की मला ठाऊक आहे, त्यातलं एक माझं आहे. पत्रात तिनं फक्त घड्याळाचं लिहिलं. कोणी काय केलं याचा एक शब्दही लिहिला नाही. घड्याळाबद्दल विचारलंय, घड्याळाबद्दलच सांगायचं, असं तिनं ठरवलं आणि स्वतःला त्याबद्दल थोडं फसवलंही.

फौजदारांनी सगळ्यांना चौकीत बोलावलं. नंदकिशोर आला, दत्तू आला. भोंगा रात्री ऐकल्याची साक्ष द्यायला विमलबाई आली आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसली. स्वानंदला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला, हळदीचे डाग असलेली ती चिप डबीत घेऊन. चूक माझी आहे असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या दिवशी अरुणाच्या मनातून त्याच्यावरचा निम्मा राग गेला.

फौजदारांना बारा वाजताचा घोळ समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी सरळ पुढचा प्रश्न विचारला. "म्हणजे बंद केला रात्री. रात्री शेडवर कोण होतं?"

नंदकिशोरचा चेहरा जरासा उतरला, पण तो लगेच सावरला. "मस्टरवर दत्तू आहे साहेब. मी पाच मिनिटं बाथरूमला गेलो असेन, तेवढ्यात यानं केलं असणार. किल्ली तिथेच टेबलावर होती."

आधी 'रात्रभर सगळं शांत होतं' म्हणणारा माणूस आता दत्तूला पुढे ढकलत होता. दत्तूनं मान वर केली नाही. मी नव्हतो, एवढं बोलला असता तर तो सुटला असता. पण मग कोण होतं, हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर विमलबाईसमोर द्यायची त्याची छाती नव्हती. फौजदारांनी हवालदाराला खूण केली. कान्हाला सोडवताना आपण दत्तूला आत टाकतोय, हे अरुणाला दिसत होतं, आणि तरी तिचं तोंड उघडेना.

बाकावरून विमलबाई उठली.

"दत्तू नव्हता तिकरं," ती म्हणाली. "माजा प्रीतम व्हता. भोंगा त्यानीच बंद केला."

तिनं पदर खोचला आणि नंदकिशोरकडे वळली.

"आनि यो पन नव्हता. यो हलदीला व्हता. दुसऱ्या पंगतीला बसला. मटन मीच वारला याला."

नंदकिशोर म्हणाला की बाईंचा काहीतरी गैरसमज होतोय. तेव्हा अरुणाला बोलता आलं. तिनं त्याला घड्याळ काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. पांढरा पट्टा, शिवणीत मुरलेली हळद. सत्यनारायणाच्या पूजेत हळद चिमूटभर लागते, ती घड्याळाच्या पट्ट्यात मनगटभर मुरत नाही. गावच्या हळदीत मात्र नवरदेवासोबत पाहुण्यालाही कोपरापर्यंत माखतात. दत्तूनं आता मान वर केली. साहेबांना हळद मीच लावली, असं तो म्हणाला, आणि साहेब पहाटेपर्यंत आमच्या ओट्यावरच झोपून होते.

मग नंदकिशोर मोडला. जाताना त्यानं किल्ली प्रीतमकडे दिली होती. भोंगा वाजत राहिला तर मॅनेजर बंगल्यावरून उठून येईल आणि आपण जागेवर नाही हे कळेल, म्हणून त्यानं त्या पोराला बजावलं होतं की मी येईपर्यंत भोंगा वाजू द्यायचा नाही. तो परत गेलाच नाही. सकाळी ओट्यावरून उठून परस्पर घरी गेला.

चौकीच्या पायरीवर अरुणानं विमलबाईला गाठलं. तुम्हाला कधी कळलं, असं तिनं विचारलं.

"तू उठलीस ना, तवा. चाय तशीच ठेवलीस. घरी बसून येकयेक आठवत गेली." विमलबाई रस्त्याकडे बघत होती. "भोंगा बंद परला ना, तवा मी देवाला हात जोरले, बाय. बोलली, पोरगा माजा हुशार हाय."

अरुणा तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिली.

कान्हा चार दिवसांनी सुटला. अरुणा त्याच्यासोबत गावात गेली. तो घरी न जाता बहिणीच्या दारात गेला, आणि आत न जाता ओट्यावरच बसला. विमलबाईनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापाशी ठेवला. अरुणाला चहा दिला. प्रकरण झाल्यापासून कारखान्यात रोज दुपारी बाराला भोंगा वाजवून बघायचा नवा नियम झाला होता. तो वाजायला लागला तसा कान्हा दचकला, कानांवर हात ठेवून तो खाली वाकला.

विमलबाईनं पुढे होऊन त्याचे हात कानांवरून काढले आणि आपल्या हातात धरून ठेवले.

"वाजू दे," ती म्हणाली.